मधोमध टोचलेल्या चिठ्ठ्या

१४ जानेवारी, मंगळवार

ज्यांच्याकडे बंब जाणार नव्हता, त्यांना तसं कोणी कळवलं होतं का?

आज संग्रहालयात शाळेच्या गटातल्या एका मुलीने विचारलं. नऊ-दहा वर्षांची, जाड चष्मा. मी भिंतीवरच्या जुन्या नकाशासमोर उभी राहून माझ्या तुटक्या डचमध्ये सांगत होते. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले, जमिनीखालचे मोठे नळ फुटले, मग अग्निशमनच्या लोकांनी थेट नदीतून पाणी ओढलं, धक्क्यापासून पाइप जोडत आणले आणि गिरणीच्या रस्त्यावर आग अडवली. बंब तीनच. नदीकडचं अर्धं शहर आज उभं आहे ते त्यामुळे. मुलं मन लावून ऐकत होती. मग तिने हात वर केला.

उत्तर माहीत नव्हतं. तसंच सांगितलं. रूड म्हणाला, छान प्रश्न, आणि मुलांना हेल्मेट घालून बघायला घेऊन गेला. रूड आमचा प्रमुख. तीस वर्षं अग्निशमनात होता, आता जुन्या बंबखान्यातलं हे संग्रहालय सांभाळतो.

घरी आल्यावर नवऱ्याला, निखिलला विचारलं. तो म्हणाला, फोनच्या तारा तुटल्या असतील, कळवणार कसं. खरं आहे. पण जे धावत निरोप घेऊन आले, ते तर समोरच उभे असणार ना.

१६ जानेवारी, गुरुवार

माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत चिठ्ठ्या. हातभर लांबीचा गठ्ठा, पेन्सिलीने लिहिलेल्या, प्रत्येकीवर वेळ, रस्ता, घराचा नंबर. त्या दिवशी मदत मागायला आलेल्या वर्द्या!

रूडला दाखवल्या. प्रत्येक चिठ्ठीला एक गोल भोक आहे. तो म्हणाला, कधीतरी बाइंडिंग केलं असेल. मी म्हटलं, नाही, ही तार आहे. मामांच्या रेशन दुकानात लाकडी ठोकळ्यावर उभी तार असायची, पावती त्यात टोचायची. लहानपणी हजार वेळा टोचलीय. रूड म्हणाला, मग ह्या तूच लाव. संगणकातल्या यादीत सगळ्या चढव, मजकुरासकट.

माझं इथलं पहिलं खरं काम. दीड वर्ष झालं येऊन, व्हिसावर ‘अवलंबून’ असंच लिहिलंय.

अण्णांना मेसेज केला की वर्द्या सापडल्यात. त्यांचं उत्तर: ‘जपून हाताळ. वर्दी म्हणजे माणूस असतो.’ अण्णा, माझे वडील, गावच्या नगरपालिकेच्या बंबावर ड्रायव्हर. मी इतिहासात एम.ए. झाले तेव्हा चुलते म्हणाले होते, इतिहास शिकून कुठली आग विझणार. अण्णांनी अग्निशमन केंद्रात पेढे वाटले. घरात पदवी घेतलेली मी पहिली.

२१ जानेवारी, मंगळवार

ट्रूसआजीला डब्याबद्दल सांगितलं. सांगायला नको होतं का, ते आता कळत नाही.

‘आजी’ मनातल्या मनात. तोंडावर नुसतं ट्रूस. तिला तसंच हवं असतं. वय अठ्ठ्याऐंशी. संग्रहालयात दर मंगळवारी कॉफी देते, कपामागे एकच बिस्किट, दुसरं मागितलं तर भुवया उंचावते. वाचनालयातल्या भाषा-गटात मला डच तिनेच शिकवलं. पहिल्या दिवशी नाव नाही विचारलं. म्हणाली, पत्ता सांग. रस्ता, नंबर, न अडखळता. मी तीनदा चुकले, तिने तीनदा परत म्हणायला लावला.

त्यामागचं कारण सगळ्यांना माहीत आहे, कारण ती शाळेच्या प्रत्येक गटाला सांगते. ती सात वर्षांची होती. घरावर भिंत कोसळली, आई आणि धाकटा भाऊ पीट तळघरात अडकले. ती एकटी बाहेर. धावत बंबखान्यात गेली आणि पत्ता सांगितला. पण तिच्या घरचे पंधरा दिवसांपूर्वीच त्या घरात राहायला आले होते, आणि तिच्या तोंडून जुन्या घराचा पत्ता गेला. बंब रिकाम्या घरी जाऊन परत आला. तोवर आग तिच्या गल्लीत शिरली होती. गोष्ट संपली की ती प्रत्येक मुलाकडून त्याचा पत्ता म्हणून घेते. न चुकणाऱ्याला पितळी बिल्ला.

वडिलांना मजुरीला जर्मनीत नेलं होतं, ते परतले नाहीत. तिला वाढवलं हेंड्रिकने. त्या दिवशी बंबखान्यात वर्द्या घेणारा तोच. ती त्याला ‘पा’, म्हणजे बाबा, म्हणते. दर्शनी भिंतीवर फोटो आहे त्याचा.

डब्याचं ऐकून तिने किटली खाली ठेवली. म्हणाली, माझी चिठ्ठीही असेल त्यात? मी उत्साहाने म्हणून गेले, असेल तर नक्की शोधेन. आणि वर हेही म्हणाले की बघा, कदाचित तुमची चूक नसेलच.

का म्हणाले? काहीच आधार नव्हता.

ती म्हणाली, “मुली, ‘पा’ने स्वतः मला सांगितलंय. आणि लगेच म्हणाला होता, लहान होतीस, तुझा दोष नाही. सगळेच इतके चांगले नसतात.”

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिला सोमवार. दुपारी बाराला भोंगा. देशभर चाचणी असते, कुणी मान वर करत नाही. ट्रूसआजी आज पडद्यांचं कापड द्यायला आली होती. भोंगा लागला तशी उभी राहिली, हात ताठ कडेला, आणि मोठ्याने पत्ता म्हणाली. त्या नव्या घराचा. नऊ नंबर. भोंगा थांबला तशी बसली.

रूड म्हणाला, दर महिन्याला म्हणते, तुला माहीत नव्हतं? बाकीचे म्हातारे हसले. प्रेमानेच. एकाने टाळी वाजवली.

बरोबर पत्ता, ऐंशी वर्षं उशिरा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

भोकांचं कोडं उलगडलं.

काही चिठ्ठ्यांना वरच्या कोपऱ्यात भोक आहे, काहींना बरोबर मधोमध, अक्षरांतून आरपार. मला वाटलं घाई. मग तीन बंबांच्या नोंदवह्या काढल्या आणि एकेक चिठ्ठी जुळवली. कोपऱ्यातली प्रत्येक चिठ्ठी वहीत आहे: किती वाजता निघाले, किती पाइप, किती माणसं काढली. मधोमधवाली एकही वहीत नाही. म्हणजे टेबलावर दोन तारा होत्या. गेलेल्याची चिठ्ठी कोपऱ्यात टोचायची. न जायच्या चिठ्ठीला मजकुरातून तार घालायची, म्हणजे गडबडीत कुणी ती परत उचलून बंब पाठवू नये.

मधोमध टोचलेल्या एकतीस आहेत.

न जायचं का, तेही वहीतच आहे. मुख्य अधिकाऱ्याने नकाशावर खडूने रेघ मारली. मासळीबाजारापासून गिरणीपर्यंत. जोडून जोडून पाइप तिथवरच पोचत होते. रेघेच्या अलीकडे सगळं लावायचं, पलीकडे काही पाठवायचं नाही. अलीकडे रुग्णालय होतं, पिठाची गिरणी, आणि धक्क्यावर निजवलेले शेकडो लोक. माणसं वीस-वीस मिनिटं उभ्याने झोपली. एकाचे हात पाइपाला चिकटून सोलले, त्याने नाव लिहू दिलं नाही. वारा फिरला तरी रेघ टिकली. हे लोक खरंच मोठे होते, असं मी माझ्या वहीच्या कडेला लिहिलं आणि खोडलं नाही.

निखिल म्हणाला, एकतीस म्हणजे कमीच की. मग उठून भांडी घासायला लागला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सापडली.

ती शेजारच्या खोलीत कॉफी ओतत होती. कपांचा आवाज येत होता.

‘मुलगी, ७ वर्षे, पळत आली. नंबर ९. तळघरात आई व बाळ. ठोकल्याचा आवाज येतो असे म्हणते.’ खाली आद्याक्षरं, हेंड्रिकची. तारेचं भोक ‘आवाज’ या शब्दातून गेलंय.

नंबर नऊ. नवं घर. तिने बरोबर सांगितला होता.

तिने दिलेली कॉफी प्यायले. चांगली होती. तिने विचारलं, काही? मी म्हटलं, अजून नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

स्वतःवर विश्वास नाही म्हणून पुन्हा सगळं तपासलं. जुन्या घराच्या पत्त्याची चिठ्ठी नाही. तिन्ही वह्यांत त्या रस्त्यावर कुणी गेल्याची नोंद नाही. रिकाम्या घरी गेलेला बंब कधी निघालाच नाही.

तिची गल्ली रेघेच्या एक गल्ली पलीकडे.

आणखी एक. तिची चिठ्ठी आली तेव्हा तिसरा बंब बंबखान्यातच उभा होता. नोंद आहे: ‘राखीव.’ चाळीस मिनिटं. माणसं बाकावर बसलेली. ती आत शिरली तेव्हा बंब तिने पाहिलाच असणार. लाल, मोठा, दारात उभा. हेंड्रिकने तिला काय सांगितलं असेल? निघतोय, असंच ना?

संध्याकाळी पोळ्या करताना सारखं तेच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रूडला सांगितलं. चिठ्ठी पुढे ठेवली. त्याने चष्मा काढून वाचली, परत लावून वाचली. चिडेल असं वाटलं होतं. त्याने माझ्यासाठी पाणी आणलं.

म्हणाला, राखीव ठेवला ते बरोबर केलं. पाठवला असता आणि रेघ तुटली असती तर रुग्णालय गेलं असतं. मी म्हटलं, त्याबद्दल बोलतच नाही मी. त्यानंतरची ऐंशी वर्षं. तिला खरं सांगायला काय झालं होतं?

तो उठून खिडकीशी गेला. मग म्हणाला की एप्रिलमध्ये हेंड्रिकच्या नावाच्या दालनाचं उद्घाटन आहे, ट्रूसच बोलणार आहे, आमंत्रणं गेलीत. गठ्ठ्यावर ‘नंतर’ असा शेरा मारून ठेव. बाकी यादी उद्घाटनाला इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली होईल, हा भाग झाकलेला राहील.

“नंतर म्हणजे कधी?”

“ती अठ्ठ्याऐंशीची आहे, शुभा. कागदाला थांबता येतं. त्याचं तेवढंच काम असतं.”

किती शांतपणे म्हणाला. इथे लोक तोंडावर खरं बोलतात म्हणे. माझी केशरचना बरी दिसत नाही हे मला याच खोलीत चार जणांनी सांगितलंय.

शेरा मारला. सही करायला लावली नाही, पण मारला मीच.

२३ फेब्रुवारी, रविवार

अण्णांचा व्हिडिओ कॉल. सगळं सांगितलं. वाटलं, निदान ते तरी माझ्यासारखे संतापतील. लहानपणी मी वर्गात सांगायचे, माझे वडील वर्दी आली की जेवणाचं ताट सोडून जातात.

त्यांनी पहिलं विचारलं, राखीव किती बंब होते? एकच म्हटल्यावर मान हलवली. एक ठेवायलाच लागतो.

मग म्हणाले, पुराच्या वर्षी आम्ही बी एक वर्दी सोडली होती. नदीपलीकडची वस्ती. एक बाई फोन करत होती, सासू पत्र्यावर अडकलीय म्हणून. बोट एकच, ती दवाखान्यासाठी राखून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी बाई केंद्रावर आली. अण्णा पुढे झाले.

“काय सांगितलंत तिला?”

“रस्त्यात झाड पडलं हुतं म्हणून सांगितलं.”

“पडलं होतं?”

“न्हाई.”

ते म्हणाले, “तिला झाड पुरलं, बाळ. झाडावर राग धरता येतो. मी तिला काय देणार हुतो, राखीव बोट?”

मी त्या बाईचं नाव विचारलं. म्हणाले, आईला फोन देतो. आई मग बराच वेळ कैरीच्या लोणच्याबद्दल बोलली.

अण्णांनी ते कुठे लिहूनही ठेवलेलं नाही. हेंड्रिकने निदान चिठ्ठी ठेवली. जाळू शकला असता. डबा माळ्यावर त्यानेच ठेवला असणार. का ठेवला?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ट्रूसआजीने भाषण लिहून घ्यायला घरी बोलावलं. तिच्या डोळ्यांना हल्ली मधलं काही दिसत नाही, फक्त कडा दिसतात. माणसाच्या तोंडाकडे बघायचं तर ती त्याच्या कानाकडे बघते. वाचता येत नाही. ती सांगणार, मी लिहिणार, मग मी पुन्हा पुन्हा वाचणार आणि ती पाठ करणार.

माझ्या हाताने लिहिलं: ‘मी चुकीचा पत्ता सांगितला. माझ्या आईने आणि पीटने त्याची किंमत दिली. आणि ज्या माणसाला माझ्यामुळे रिकाम्या घरी बंब पाठवावा लागला, त्याने मला आपल्या घरी नेलं.’

टाळ्यांसाठी इथे थांबू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, थांबा.

पाच वेळा वाचून दाखवलं. पाचव्यांदा ती माझ्याबरोबर म्हणत होती. निघताना कोट घालून देताना म्हणाली, चिठ्ठी नाहीच सापडत ना? नसेल. बरं झालं, माझं अक्षर तरी कुठे असणार, ‘पा’चं असणार. त्याचं अक्षर ऐकायला आवडलं असतं.

अक्षर ऐकायला.

घरी सायकल ढकलत आले.

३ मार्च, सोमवार

भोंगा. पत्ता. नऊ नंबर. आज मी तिच्याशेजारी उभी होते. शेवटचा आकडा म्हणताना ती जरा थांबते, शिक्षकांसमोर थांबतात तशी, बरोबर आहे का बघायला.

बरोबर आहे, हे या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं. रूड आणि मी एकमेकांकडे बघत नव्हतो.

६ मार्च, गुरुवार

उरलेल्या तीस चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. आत्तापर्यंत मला फक्त तिचीच दिसत होती.

‘बेकरीवाला, स्वतः आला, हात भाजलेले. वर दोन माणसे.’ ‘नन, शाळेकडून. मुले किती ते सांगता येत नाही.’ ‘तोच मनुष्य, तिसऱ्यांदा आला.’

तिसऱ्यांदा आला. तीनही चिठ्ठ्या मधोमध टोचलेल्या. म्हणजे त्याला कुणी नाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दुसऱ्यांदा आला असता, पण तिसऱ्यांदा? तो वेळ त्याने हातांनी दगड उचलण्यात घालवला असता.

त्या चष्म्यावाल्या मुलीला आता उत्तर देता येईल. नाही. कुणालाच कळवलं नाही. सगळ्यांना निघतोय म्हणून सांगितलं.

यांचीही नातवंडं असतील. त्यांच्याही घरात एखादं झाड पडलेलं असेल.

निखिल म्हणाला, हे पगारी काम पण नाही, इतकं का लावून घेतेस. मी म्हटलं, म्हणूनच.

११ मार्च, मंगळवार

ठरवलं की निदान तिची चूक तरी काढून घ्यायची. हेंड्रिकची आद्याक्षरं सोडून चिठ्ठी वाचून दाखवायची. तिला वाचता येत नाही. मी वाचेन तेवढंच तिच्यासाठी लिहिलेलं असणार. हा अधिकार मला कुणी दिला, माहीत नाही. डच वाचायला तिनेच शिकवलं.

मूळ चिठ्ठी पातळ प्लॅस्टिकमध्ये घालून तिच्या घरी नेली. नियमाविरुद्ध. तिने दार उघडून माझ्या कानाकडे बघितलं आणि म्हणाली, सापडली.

वाचली. नंबर नऊ, असं दोनदा वाचलं. ‘ठोकल्याचा आवाज’ गाळायचं ठरवलं होतं, गाळता आलं नाही. मग म्हटलं, तुम्ही पत्ता बरोबर सांगितला होता. गडबडीत बंब पाठवायचा राहिला असेल.

“खाली काय लिहिलंय?”

“काही नाही.”

तिने हात पुढे केला. चिठ्ठी प्लॅस्टिकमधून बाहेर काढली, मी अडवलं नाही. अंगठा कागदावरून फिरवला, वरचे दोन्ही कोपरे चाचपले, मग मधोमध आली. तिथे थांबली. अंगठा भोकावर ठेवून बसून राहिली.

मग चिठ्ठी परत देऊन म्हणाली, कॉफी घेणार का. दोन बिस्किटं दिली.

तिला तारेचं माहीत असेल? तिच्यासमोर मी कधी बोलले नाही. रूडही नाही.

१ एप्रिल, मंगळवार

तीन आठवडे झाले. ती एक शब्द बोलली नाही. आज भाषणाची शेवटची तालीम. वाटलं, आज म्हणेल, ते वाक्य काढ.

काढलं नाही. ‘मी चुकीचा पत्ता सांगितला.’ नेहमीसारखं, मोठ्याने, स्पष्ट. उलट म्हणाली, इथे जरा सावकाश घेते, मागच्यांना ऐकू जाईल.

मी चिठ्ठी वाचल्याचं तिला आठवत नाही असं क्षणभर वाटलं. पण निघताना तिने दुसरं बिस्किट दिलं.

रूडने विचारलं, शेरा आहे ना गठ्ठ्यावर? आहे म्हटलं. अजून तरी आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

बंबखान्यात दुपारी एकटी. रूड खुर्च्या आणायला गेला होता. चाळीस मिनिटं संगणकासमोर.

आज एवढंच लिहिते.

६ एप्रिल, रविवार

उद्घाटन. ऊन होतं, धक्क्यावर झेंडे. बर्गेमेस्टर, म्हणजे इथले महापौर, गळ्यात साखळी घालून आले. जुन्या बंबाला तेल लावून चकचकीत केलेला. निखिल इस्त्रीचा सदरा घालून आला होता, मला बरं वाटलं. अण्णांनी फोटो मागितले, बंबाचे.

ट्रूसआजी निळ्या कोटात. कागद न घेता बोलली. ‘मी चुकीचा पत्ता सांगितला.’ दीडशे माणसं. ती चष्म्यावाली मुलगी आईबरोबर पहिल्या रांगेत. ‘त्याने मला आपल्या घरी नेलं.’ थांबली. टाळ्या. काही लोक रडत होते. हेंड्रिकच्या फोटोवरचा पडदा तिनेच ओढला.

नंतर गर्दी कॉफीकडे वळली तेव्हा तिने माझं मनगट धरलं आणि नकाशाखालच्या बाकावर बसवलं. स्वतःचं तोंड बाजूच्या भिंतीकडे केलं, म्हणजे डोळ्यांच्या कडेने तिला मी दिसावी म्हणून.

म्हणाली, लढाई संपेपर्यंत ती शाळेनंतर त्याच्या टेबलाखाली बसायची. तारांवर चिठ्ठ्या टोचायचं काम तिचंच. कोपऱ्यात कुठल्या, मधोमध कुठल्या, त्यानेच शिकवलं. आठ वर्षांच्या मुलीला.

कधीपासून माहीत होतं, ते मी विचारलं नाही. चिठ्ठीवरच्या भोकाने कळलं, की त्या टेबलाखालीच कधीतरी कळलं होतं. तिने सांगितलंही नाही.

मी म्हटलं, मग ती चूक तुम्ही अजून का घेता अंगावर? तुम्ही सात वर्षांच्या होतात.

“घरात चूक कुणाची तरी असायला हवी होती. तो मोठा माणूस, त्याला पेलली नसती. मी लहान होते, मला जमलं.”

मग माझं मनगट थोपटलं. म्हणाली, तू वाचलंस तेव्हा छान वाचलंस, सगळे शब्द नीट. आवाज येतो तेही वाचलंस. आता ते आपल्या दोघींत राहू दे. ‘पा’चं दालन झालं, मी मोकळी.

मी हो म्हटलं.

तिने विचारलं, नक्की? पुन्हा हो म्हटलं. डचमध्ये, न अडखळता.

७ एप्रिल, सोमवार

बारा वाजता भोंगा लागला. ती उभी राहिली नाही. बसल्या जागी साखर ढवळत राहिली. एका म्हाताऱ्याने, ट्रूस, पत्ता, म्हणून हाक दिली. ती म्हणाली, आज सुट्टी. सगळे हसले. तीही.

त्याच वेळी संग्रहालयाच्या मेलवर एक पत्र आलं. एका माणसाने विचारलंय की त्याचे आजोबा बेकरीवाले होते, हात भाजलेले, आणि यादीत आज ते त्याने वाचलं, तर मूळ चिठ्ठी बघायला मिळेल का. रूडने अजून उघडलेलं नाही. तो खुर्च्या परत करायला गेलाय, तीनपर्यंत येईल.

झाकायचं बटण अजून तिथेच आहे. एकतीसमधली एकच झाकता येते का, तेही बघितलं. येते.

शुक्रवारी, दोन वाजून वीस मिनिटांनी, मी ‘नंतर’ हा शेरा काढून गठ्ठा खुला केला होता. एकतीसच्या एकतीस, मजकूर आणि आद्याक्षरांसह. तिचीही.